दहाचे पाच करताना



समजा, तुमच्यापुढे बारा वह्या आहेत. प्रत्येक वहीत एका ठरावीक ओळीवर १० हा आकडा आहे. तो खोडून तेथे ५ लिहावयाचा आहे. किती वेळ लागेल? फार तर पाच मिनिटे. एवढ्या क्षुल्लक कामावर लेख कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण याच कामात माझ्या हातून अशी एक चूक झाली, की एका विद्यार्थिनीचे नऊ दिवसांचे निरीक्षण वाया गेले. त्या चुकीतून माझे एक मत बनले आहे. ते तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडावे, म्हणून हा प्रपंच.

माझे मत असे, की संगणकाच्या सेटिंगची फाइल एकाहून अधिक ठिकाणी बदलावयाची असेल तर ती हाताने बदलू नये, स्क्रिप्ट लिहून बदलावी. आणि ती स्क्रिप्ट प्रयोगशाळेतील प्रयोगाच्या शिस्तीने लिहावी. यातील पहिला भाग अनेकांना मान्य असतो. दुसरा भाग सर्वांना मान्य असतो, पण फारच थोडे लोक तो पाळतात. मीही पाळला नव्हता.

सेटिंगची फाइल म्हणजे काय?

संगणकावर चालणाऱ्या बहुतेक आज्ञावल्यांना काही गोष्टी बाहेरून सांगाव्या लागतात. नोंद किती सेकंदांनी घ्यावयाची, ती कोठे साठवावयाची, यंत्राचा क्रमांक काय, वगैरे. या गोष्टी आज्ञावलीच्या पोटात लिहून ठेवल्या तर प्रत्येक बदलासाठी आज्ञावलीच दुरुस्त करावी लागेल. म्हणून त्या एका वेगळ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितात. संगणकवाले तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. तिच्यात चित्रे नसतात, रंग नसतात. असतात त्या फक्त ओळी. आमच्या प्रयोगशाळेतील एका यंत्राच्या फाइलचा थोडा भाग पाहा. मूळ फाइल इंग्रजी अक्षरांत आहे, येथे सोयीसाठी ती देवनागरीत देतो.

# गच्चीवरील यंत्र, तपासणी १० ऑक्टोबर
यंत्र_क्रमांक = १०
[दाब]
कालांतर = १०
संदर्भ_दाब = १०१३.२५
[तापमान]
कालांतर = १०

# या चिन्हाने सुरू होणारी ओळ माणसांसाठी असते. संगणक ती सोडून देतो. चौकटी कंसातील ओळ म्हणजे विभागाचे नाव. बाकीच्या ओळींत बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाव आणि उजवीकडे किंमत. किराणा दुकानाची यादी वाचता येणाऱ्या कोणालाही ही फाइल वाचता येईल. साध्या मजकुराचे हेच मोठेपण आहे. त्याला कोणतेही खास सॉफ्टवेअर लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची मजकुराची फाइल आजही उघडते, आणि तिच्यात काय बदलले हे ओळ ओळ ताडून पाहता येते.

प्रयोग काय होता?

आमच्याकडे अशी बारा छोटी यंत्रे आहेत. प्रत्येकात तळहाताएवढा एक संगणक आणि त्याला जोडलेला हवेचा दाब व तापमान मोजणारा सेन्सर. क्रमांक ५ चे यंत्र तळमजल्यावर होते आणि क्रमांक १० चे गच्चीवर, त्याच्यापेक्षा १२ मीटर उंच. आमच्या गावी एक घनमीटर हवेचे वस्तुमान साधारण १.१ किलोग्रॅम भरते. तेव्हा १२ मीटर उंचीच्या हवेच्या स्तंभामुळे दाबात फरक पडावयास हवा तो १.१ गुणिले ९.८ गुणिले १२, म्हणजे सुमारे १२९ पास्कल. एवढा फरक ही यंत्रे सहज दाखवितात.

द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने याच्याही पुढचा प्रश्न विचारला. सकाळची हवा गार, म्हणून जड. दुपारची हवा तापलेली, म्हणून हलकी. मग तळमजला आणि गच्ची यांच्या दाबांतील फरक सकाळी जास्त व दुपारी कमी दिसावयास नको का? हिशेब केला. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे पहाट आणि दुपार यांच्या तापमानात साधारण १४ अंशांचा फरक असतो. निरपेक्ष तापमान सुमारे ३०० केल्विन धरले, तर घनता पावणेपाच टक्क्यांनी बदलेल, आणि १२९ पास्कलचा फरक सुमारे ६ पास्कलने कमी-अधिक होईल.

एकूण दाब सुमारे ९५,००० पास्कल, आणि त्यात शोधावयाचे ६ पास्कल! त्यातून हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो. पण ही चढउतार दोन्ही यंत्रांना सारखीच जाणवते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते. उरतो तो सेन्सरचा स्वतःचा थरथराट. त्यावर उपाय म्हणजे पुष्कळ नोंदी घेऊन सरासरी काढणे. दर १० सेकंदांनी नोंद घेतली तर तासाला ३६० नोंदी होतात, दर ५ सेकंदांनी घेतली तर ७२०. नोंदी दुप्पट झाल्या की सरासरीतील यादृच्छिक त्रुटी दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ पटीने कमी होते. तेव्हा सुट्टी लागण्यापूर्वी दाबाच्या नोंदीचे कालांतर १० चे ५ करावे असे ठरले. बदल बाराही यंत्रांत करावयाचा होता, म्हणजे इतर वर्गांच्या प्रयोगांनाही त्याचा उपयोग होणार होता.

मी केलेला पराक्रम

आदल्या वर्षी असाच एक बदल आम्ही हाताने केला होता. अकरा फाइली ठीक झाल्या. बाराव्या फाइलमध्ये घाईत शून्याऐवजी इंग्रजी ओ हे अक्षर पडले. आज्ञावलीला तो आकडा वाचता येईना, म्हणून तिने मुकाट्याने आपली मूळची किंमत धरली. महिनाभर ते कोणाच्या लक्षात आले नाही. म्हणून या वेळी मी ऐटीत म्हटले, ‘स्क्रिप्ट लिहू.’

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची एक छोटी यादी. माझी यादी एका ओळीची होती. फाइलची एकेक ओळ वाच. ओळीत १० दिसले तर तेथे ५ लिही. ओळ परत फाइलमध्ये टाक. बारा यंत्रांवर ती चालविण्यास एक मिनिटही लागले नाही. पडदा स्वच्छ, एकही तक्रार नाही. प्रयोगशाळेच्या मामांना कुलूप लावण्यास सांगून मी घरी गेलो.

आता वरचा फाइलचा नमुना पुन्हा पाहा आणि पुढे वाचण्यापूर्वी स्वतः सांगा, किती ओळी बदलल्या असतील?

पाच! हवी होती एक. टिपणीतील तारीख ५ ऑक्टोबर झाली. त्याने काही बिघडले नाही. तापमानाचे कालांतरही ५ झाले. तेही चालून गेले. पण संदर्भ दाब १०१३.२५ होता, त्याच्या पोटातल्या १० चे ५ होऊन तो ५१३.२५ झाला. हा आकडा म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा प्रमाण दाब, हेक्टोपास्कल या एककात. त्याच्याशी तुलना करून यंत्र आपली उंची काढते. समुद्रावरील दाब ५१३ आणि आपल्याकडील ९४८, तेव्हा आपण समुद्राच्या पुष्कळच खाली असलो पाहिजे, असा यंत्राने बिनचूक निष्कर्ष काढला. सुट्टी संपवून आम्ही परतलो तेव्हा प्रयोगशाळेच्या पडद्यावर आमचे महाविद्यालय समुद्रसपाटीच्या खाली सुमारे साडेपाच किलोमीटरवर पोहोचले होते. मुले पोट धरून हसली. मीही हसलो.

हसू मावळले ते दुसरी ओळ पाहिल्यावर. गच्चीवरील यंत्राचा क्रमांक १० होता, तो ५ झाला होता. तळमजल्याचे यंत्र आधीपासूनच ५. मुख्य संगणक क्रमांकावरून नोंदी ओळखी, दर तासाला त्यांची सरासरी काढून ठेवी आणि जागा वाचविण्यासाठी मूळ नोंदी पुसून टाकी. म्हणजे नऊ दिवस त्याने तळमजला आणि गच्ची यांची मिळून एकच सरासरी काढली होती. ज्या दोन आकड्यांची वजाबाकी करावयाची, ते दोन आकडेच एक होऊन बसले होते. मिसळलेले पाणी वेगळे करता येत नाही. तिने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, ‘सर, यातले खरे पाच कोणते?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. जुन्या फाइलींची प्रतही मी ठेवली नव्हती.

दोन प्रकारच्या चुका

पदार्थविज्ञान शिकणाऱ्याने येथे थांबून विचार करावयास हवा. आपण त्रुटींचे दोन प्रकार शिकतो. एक यादृच्छिक त्रुटी. ती कधी इकडे तर कधी तिकडे पडते. दुसरी पद्धतशीर त्रुटी. ती प्रत्येक वेळी त्याच दिशेने पडते, जसा शून्यावर न येणारा व्हर्निअर कॅलिपर. हाताने केलेल्या बदलातील चूक पहिल्या जातीची असते. बारांतील एखादी फाइल चुकते, आणि कोणती ते आधी सांगता येत नाही. स्क्रिप्टची चूक दुसऱ्या जातीची असते. ती चुकली तर जेथे जेथे तोच मजकूर सापडेल तेथे तेथे तशीच चुकते, आणि क्षणात चुकते.

दोन्हींचे मोठे दाखले अलीकडच्या इतिहासात आहेत. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने नवी आज्ञावली वापरात आणली. ती आठ संगणकांवर चढवावयाची होती. त्यांपैकी एकावर चढवावयाची राहून गेली. त्या एका संगणकाने सुमारे पाऊण तासात भलतेच सौदे केले आणि कंपनीला ४४ कोटी डॉलरहून अधिक फटका बसला. आठांतील एक राहणे ही हाताच्या कामाची चूक.

उलट दाखला १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांना सेटिंगची एक नवी फाइल एकाच वेळी पाठविली. फाइलमधील नियम एकविसाव्या मूल्याकडे बोट दाखवीत होता, आणि आज्ञावलीला मूल्ये मिळत होती वीसच. सुमारे सव्वा तासात फाइल मागे घेण्यात आली, पण तोवर जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले होते. आपल्याकडेही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

मग हाताने काम करावे की स्क्रिप्टने? तरीही मी स्क्रिप्टच्या बाजूने आहे. पद्धतशीर त्रुटी भयंकर असते, पण ती एकदा सापडली की एकाच दुरुस्तीने सगळीकडून जाते. यादृच्छिक चूक बारा ठिकाणी बारा वेळा शोधावी लागते. दुसरे असे, की स्क्रिप्ट ही लेखी कृती असते. मी नेमके काय केले हे माझ्या त्या एका ओळीत लिहिलेले होते, म्हणूनच दहा मिनिटांत चूक कळली. आदल्या वर्षीचा ओ कोणी टाकला हे आजही कोणी सांगू शकत नाही. जी कृती लिहून ठेवता येते ती तपासता येते, आणि जी तपासता येते ती सुधारता येते. विज्ञानाचा सारा डोलारा याच गोष्टीवर उभा आहे.

ओळीओळीने काम करण्याची युक्ती

हे तंत्र आले कोठून तेही थोडक्यात सांगतो. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचे काम सुरू केले. तेव्हा त्यांच्यापुढे आजच्यासारखा पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचे टंकयंत्र होते आणि ते कागदावर सेकंदाला दहा अक्षरे उमटवी. सारी फाइल दर वेळी छापून पाहणे परवडणारे नव्हते. म्हणून टॉम्प्सन यांच्या ‘एड’ या संपादकात आज्ञा देत ती ओळीला: अमुक ओळ दाखव, अमुक ओळीत हा शब्द बदल. पुढे ली मॅकमहॉन यांनी ‘सेड’ ही आज्ञावली लिहिली. ती सूचनांची यादी आधीच घेते आणि मग फाइलची एकेक ओळ आपल्यापुढून सरकू देते; कारखान्यातील पट्ट्यावरून माल सरकावा तशी. त्या काळी संगणकाची स्मृती तुटपुंजी होती. एका वेळी एकच ओळ हाती घेतल्यामुळे फाइल कितीही लांब असली तरी अडत नसे. १९७७ मध्ये आलेली ‘ऑक’ ही आज्ञावली याच कुळातील. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिच्या तीन कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले. आज पायथॉनमध्येही हेच काम चारसहा ओळींत होते.

या तंत्राचे मर्म दोन प्रश्नांत आहे. ‘कोणत्या ओळीत?’ हा पहिला आणि ‘काय बदलावयाचे?’ हा दुसरा. मी फक्त दुसऱ्याचे उत्तर दिले होते. नीट सूचना अशी हवी होती: ज्या ओळीची सुरुवात ‘कालांतर’ या शब्दाने होते, मग बरोबरचे चिन्ह येते, मग १० येते आणि तेथेच ओळ संपते, तीच ओळ बदल. सेडमध्ये ओळीच्या सुरुवातीसाठी ^ आणि शेवटासाठी $ अशी चिन्हे आहेत. ही दोन चिन्हे लावली असती तर १०१३.२५ वाचला असता आणि यंत्राचा क्रमांकही वाचला असता. आणखी एक खोच ध्यानात ठेवा. या भाषेत नुसत्या टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो. दशांश चिन्हच हवे असेल तर त्याच्यामागे उलटी तिरपी रेघ द्यावी लागते.

पण एवढ्यानेही भागत नाही. ‘कालांतर = १०’ ही ओळ दोन ठिकाणी आहे, एकदा दाबाखाली आणि एकदा तापमानाखाली. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या आहेत. एकेक ओळ पाहणाऱ्याला त्यांतला फरक कसा कळणार? त्यासाठी स्क्रिप्टला एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: शेवटचे विभागाचे नाव कोणते दिसले? चौकटी कंस दिसला की नवे नाव लक्षात ठेवावयाचे, आणि बदल फक्त ‘दाब’ लक्षात असतानाच करावयाचा. ओळीचा अर्थ कधी कधी ओळीच्या बाहेर असतो, हे यातून शिकावयाचे.

प्रयोगाची शिस्त

त्या दिवसापासून मी पाच नियम पाळतो. त्यांत नवे काही नाही. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत ते निराळ्या शब्दांत आहेतच.

पहिला नियम, मूळ प्रत ठेवा. दुसऱ्या नावाने, तारीख घालून. जुन्या नोंदी खोडरबराने पुसू नयेत, एक रेघ मारून शेजारी नवी लिहावी, असे आम्ही सांगतो ते याचसाठी.

दुसरा नियम, आधी नुसते दाखवावयास सांगा. स्क्रिप्टला प्रथम काहीही न लिहिता कोणत्या ओळी बदलतील तेवढ्याच छापू द्या. मी हे केले असते तर पाच ओळी पाहून तेथेच थबकलो असतो. एका मिनिटाचे काम होते.

तिसरा नियम, अपेक्षित आकडा आधी लिहून ठेवा. एका फाइलमध्ये एकच ओळ बदलली पाहिजे. शून्य बदलली किंवा दोन बदलल्या तर स्क्रिप्टने थांबून ओरडावे. लंबकाचा आवर्तकाल मोजण्यापूर्वी अंदाजे किती यावा याचा हिशेब करता, तसेच हे.

चौथा नियम, नवी फाइल वेगळी लिहा, ती पूर्ण झाल्यावरच जुन्या नावावर आणा. ज्या फाइलमधून वाचतो तिच्यातच लिहू गेल्यास काही वेळा वाचण्यापूर्वीच ती रिकामी होते, आणि मध्येच वीज गेली तर अर्धी फाइल हाती उरते. ‘जागच्या जागी बदल’ अशी सोय देणाऱ्या आज्ञावल्याही आतून असेच करतात. आधी नवी फाइल, मग नावाची अदलाबदल. आणि हे सर्व प्रथम एका यंत्रावर. ते दिवसभर नीट चालले तर बाकीच्या अकरांवर. २०२४ च्या त्या प्रसंगानंतर क्राउडस्ट्राइकनेही टप्प्याटप्प्याने फाइली पाठविण्याचे ठरविले, यावरून या नियमाचे मोल कळेल.

पाचवा नियम, स्क्रिप्ट चुकून दोनदा चालली तरी फळ तेच यावे. ‘कालांतर निम्मे कर’ ही सूचना दोनदा दिली तर १० चे ५ आणि ५ चे अडीच होतील. ‘कालांतर ५ ठेव’ ही शंभरदा दिली तरी ५ च राहील. ‘बटण दाब’ आणि ‘दिवा लाव’ या दोन सांगण्यांत जो फरक आहे तोच हा.

दोन आक्षेप

काही जण म्हणतील, एकाच संगणकावरची एकच ओळ बदलण्यास एवढा थाट कशाला? त्यांचे बरोबर आहे. एका फाइलसाठी हात पुरे. प्रत मात्र तेव्हाही ठेवावी. काही फाइली अशाही असतात, की एकात एक कंस आणि त्यांत आणखी कंस. तेथे ओळीओळीचे तंत्र अपुरे पडते आणि ती रचना समजणारी आज्ञावली वापरावी लागते. कोणते हत्यार कोठे चालत नाही हे कळणे हाही हत्यार शिकण्याचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप आजच्या काळातला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणात स्क्रिप्ट लिहून देते. मग आम्ही हे का शिकावे? मित्रहो, माझी ती एका ओळीची स्क्रिप्ट व्याकरणाने अगदी शुद्ध होती. संगणकाने तिच्यात एकही चूक दाखविली नाही. चूक होती ती मी काय मागितले त्यात. ‘सगळीकडे दहाचे पाच कर’ असे सांगणाऱ्याला यंत्र दहाचे पाच करूनच देईल. यंत्राचा क्रमांक आणि कालांतर यांतला फरक ज्याला प्रयोग ठाऊक आहे त्यालाच कळणार. लिहिण्याचे कष्ट यंत्राने वाचविले तर उत्तमच. पण त्यामुळे वाचण्याची आणि तपासण्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते.

शिक्षकांना विनंती

आता दोन शब्द शिक्षकांसाठी. आपल्या शाळांतून संगणक या विषयात पुष्कळदा कोणते बटण कोठे आहे हे शिकविले जाते. बटणांच्या जागा दोनचार वर्षांत बदलतात आणि ते ज्ञान शिळे होते. साधा मजकूर, एकेक ओळ, नियम, अपवाद, प्रत आणि पडताळा या गोष्टी पन्नास वर्षे टिकल्या आहेत. त्या आठवीनववीच्या मुलांना सहज समजतात. प्रात्यक्षिकाला गुण देताना उत्तर बरोबर आले की नाही एवढेच न पाहता, कृती अशी लिहिली आहे का, की दुसरा विद्यार्थी ती वाचून तेच करू शकेल, हेही पाहावे. आणि आपल्या स्वतःच्या चुका वर्गात सांगाव्यात. समुद्राखाली साडेपाच किलोमीटर गेलेल्या महाविद्यालयाची गोष्ट मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगतो. ^ आणि $ ही चिन्हे मग कोणी विसरत नाही.

शाळेत संगणक नसला तरी हे करून पाहता येईल. एका कागदावर वरच्या नमुन्यासारखी वीस ओळींची फाइल लिहा. एका पुठ्ठ्याला एकच ओळ दिसेल एवढी फट पाडा. एका मुलाने स्क्रिप्ट व्हावयाचे. पुठ्ठा वरून खाली एकेक ओळ सरकवावयाचा, मागे जावयाचे नाही, पुढे डोकावयाचे नाही. दुसऱ्याने त्याला लेखी सूचना द्यावयाची, आणि त्याने ती अक्षरशः पाळावयाची. ‘फक्त दाबाखालचे कालांतर बदल’ एवढे काम बिनचूक होईपर्यंत सूचना सुधारीत जा. किती वेळा सुधारावी लागली ते लिहून ठेवा.

त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. दिवाळी गेली होती, पण थंडी बाकी होती. नव्या स्क्रिप्टचे पाचही नियम तिने स्वतः तपासले, आणि मला सही करण्यापूर्वी बदललेल्या ओळी मोठ्याने वाचून दाखविल्या: बारा फाइली, बारा ओळी. जानेवारीत दोन आठवडे नोंदी घेतल्या. आलेखावर पहाटे वर आणि दुपारी खाली जाणारी एक लाट दिसली, आणि तिची उंची हिशेबाशी जुळणारी होती. आलेखाखाली तिने एक ओळ जोडली होती: ‘यंत्र ५ आणि यंत्र १० वेगवेगळे आहेत, याची रोज खात्री केली.’